तेवीस तक्रारी

"मामा, चहा निवायच्या आत वेबसाइट तयार!" जावईबापू छाती फुगवून म्हणाले, आणि तिथेच माशी शिंकली.

सासरेबुवांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षांचं, एका खोलीचं. हल्ली गिऱ्हाईक रोडावलेलं. "आता कोणाला आपली आठवण राहिलीय? महिनाअखेर कुलूप लावतो," असं ते म्हणू लागले, आणि सासूबाईंची झोप उडाली. म्हणून हा वेबसाइटचा घाट.

वर मेनूत पाच नावं: आमच्याबद्दल, दुरुस्ती, सुटे भाग, पत्ता, तक्रार. त्यातलं 'दुरुस्ती' नुसतं मथळ्यापुरतं. त्यावर गेलं की खाली यादी उघडावी, पण ते दाबता येऊ नये. तेवढं एक बंद करायचं होतं. जावईबापूंनी ऐटीत कोडची एक ओळ लिहिली आणि चार बंद झाली! उघडी राहिली फक्त 'तक्रार'. तपासतंय कोण! सासूबाईंनी लगेच झाडून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना वेबसाइटचा पत्ता पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.

"चाळीस वर्षांची अब्रू तुम्ही एका दिवसात धुळीला मिळवलीत! तेवीस तक्रारी!"

"वाचल्यात का, मामा?"

"वाचायच्या कशाला? मोजल्या!"

जावईबापू धावत सुटले. सासरेबुवा स्टुलावर उभे! दुकानाच्या पाटीचे तीन स्क्रू काढलेले, चौथ्यावर पेचकस.

"अहो, थांबा! एक तरी ऐका!" असं म्हणून जावईबापूंनी फोन काढला आणि ते घाबरत वाचू लागले. "'दुसरं काहीच उघडत नाही म्हणून इथे लिहिते. तुम्ही दुरुस्त केलेल्या मशीनवर कपडे शिवून मी दोन मुली शिकवल्या. देव तुमचं भलं करो.'"

पेचकस थांबला.

"'तक्रार एकच. मशीन इतकी झकास केलीत की बारा वर्षांत पुन्हा यायला निमित्तच मिळालं नाही!'"

सासरेबुवा खाली उतरून त्याच स्टुलावर बसले. "पुढची वाचा." बावीस झाल्या. त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले. तेविसावी जावईबापूंनी मनातल्या मनातच वाचली: 'ज्याने ही वेबसाइट केली त्याला पुन्हा दारात उभं करू नका.'

"इतकी माणसं आठवण ठेवून आहेत, आणि मी कुलूप शोधत होतो! फार उपकार झाले तुमचे, जावईबापू," म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने स्क्रू पुन्हा पिळले.

जावईबापूंना भरून आलं. त्या भरात घरी जाऊन त्यांनी मेनू अगदी हवा तसा नीट केला.

आठवड्याने पुन्हा फोन. "काय करून ठेवलंत हो? सगळी पानं उघडतात, पण कोणी एक अक्षर लिहीत नाही! पहिल्यासारखं बिघडवून द्या बघू!"

जावईबापू अख्खा रविवार खपले. कधी तीन बंद, कधी दोन. शेवटी पाचही बंद झाली, ती उघडेचनात!

सासूबाईंनी लेकीला फोन केला. "तुझ्या नवऱ्याचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही गं. पण एक साधी गोष्ट बिघडवायला सांगितली, तर तीही बिघडवून ठेवली!"