बहगत यांच्या उजव्या फुप्फुसातील मदतकार्य

संकटात सापडलेल्या माणसाला एकटं सोडू नये, या तत्त्वावर पांढऱ्या पेशी आणि अलेक्झांड्रियातले नातेवाईक यांचं पूर्ण एकमत आहे. निवृत्त भूगोलशिक्षक बहगत यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा दोन्ही यंत्रणा एकदमच कामाला लागल्या.

आधी आतली. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांत काही पांढऱ्या पेशी कायमच्या मुक्कामाला असतात, इमारतीच्या दाराशी बाक टाकून बसलेल्या राखणदारासारख्या. धूळ, काजळी, चुकार जंतू (आणि बहगत यांच्या बाबतीत, उभ्या नोकरीचा खडू) त्या मुकाट्याने गिळतात. जंतू आवरेनासे झाले, की मात्र बोंब ठोकतात. मग रक्तातून फौज निघते. ती दार शोधत बसत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून घुसते, जंतू गिळते, विष ओकते, प्रसंगी स्वतःचं पोट फाडून आतल्या धाग्यांचं जाळं शत्रूवर फेकते आणि जागच्या जागी मरते. भत्ता मागत नाही. अडचण एवढीच, की जिथे हवा असायची तिथे आता मदत भरलेली असते.

बाहेरची यंत्रणाही कमी नव्हती. दुपारपर्यंत शेजघरात मावशी, चुलते, दोन व्याही आणि त्यांना सोडायला आलेला टॅक्सीवाला असे सगळे जमले. खिडकी लावून घेतली (समुद्राचा वारा बाधतो).

"खिडकी..." बहगत धापा टाकत म्हणाले.

"बंदच आहे रे राजा, काळजी नको," फिक्रिया मावशी म्हणाल्या. "हा पेरूच्या पानांचा काढा घे. तुझ्या काकांनाही हाच दिला होता."

"काका गेले की हो मावशी," बहगत यांची बायको इन्साफ म्हणाली.

"पण खोकला थांबला होता ना?"

डॉक्टरीणबाई आल्या. दोन व्याह्यांच्या मधून हात घालून त्यांनी छाती तपासली. "जंतूंवर औषध देते. पण श्वास मदतनिसांनीच अडवलाय."

"आतल्या की बाहेरच्या?" इन्साफने विचारलं.

"आतल्यांचं मी बघते."

आजाऱ्याला भेटायला आलेल्याला 'ऊठ' म्हणणं त्या शहरात पाप. इन्साफ स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आली. बिनसाखरेची.

अशी कडू कॉफी फक्त मयताच्या घरी देतात. ती प्यायची, दोन शब्द बोलायचे आणि उठायचं, हे तिथे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं. पहिला घोट जाताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कप रिकामे झाले. एकेक जण उठला. "देव तुला धीर देवो, पोरी," फिक्रिया मावशींनी इन्साफला कवटाळलं. मोठ्या व्याह्यांनी तर खुद्द बहगत यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "फार चांगला माणूस होता."

"आभारी आहे," बहगत म्हणाले.

इन्साफने खिडकी उघडली. आतही पुढे रीतसरच झालं: औषधाने जंतू हटले, फौजेची भरती थांबली, आणि राखणदार पेशींनी मेलेल्या सहकाऱ्यांना गिळून, शोकसभा न घेता, जागा मोकळी केली. बहगत यांनी पोटभर श्वास घेतला आणि खोलीभर नजर फिरवली.

वाचकहो, तुम्ही अजून पलंगाच्या पायथ्याशी उभेच आहात. आलात तेही हात हलवत. असू द्या, बसा. इन्साफ तुमच्यासाठीच कप भरते आहे.