कालवांचा मुहूर्त

"कालवं माझं ऐकतात, साहेब!" हे वाक्य डॉ. लिओन्स पोआरियेनं मत्स्यमंत्र्यांना फोनवर ऐकवलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्याच्या हातातून फोन काढून घ्यायला हवा होता.

पण घेणार कोण? आमच्या खाडीवरच्या कालव संशोधन केंद्राचा तो संचालक. हाताखाली एक इना मॅकफी, एवढीच काय ती फौज. हे केंद्र बंद करून लिओन्सला शहरातल्या कचेरीत नेऊन बसवायचं, असं मंत्र्यांच्या मनात घोळत होतं. शहरातही समुद्र आहे म्हणा, पण तिथं तो खिडकीतून बघायचा असतो. आणि लिओन्सच्या बायकोनं, ओडिलनं, आधीच निक्षून सांगितलं होतं, "तू खुशाल जा. मी आणि माझ्या कोंबड्या इथंच राहणार!"

म्हणून गड्यानं बेत रचला. मंत्र्यांनी शनिवारी सकाळी यायचं, एक हिरवं बटण दाबायचं, की त्यांच्या डोळ्यांदेखत काचेच्या टाकीतली कालवं बीज सोडणार! आणि साधीसुधी कालवं नव्हेत. रोगाची साथ आली की खाडीतली निम्मी कालवं मरतात, त्या साथीला भीक न घालणारा वाण लिओन्सनं बारा वर्षं खपून तयार केला होता.

युक्ती तशी सोपी होती. कालवाला उबदार पाणी दिलं की त्याला वाटतं, ऐन उन्हाळा आला. मग मादी अंडी सोडते आणि नर दुधासारखं पांढरं काहीतरी. सभेत एकानं टाळी वाजवली की सगळे वाजवतात ना, तसं एकानं सुरुवात केली की बाकीची मागं राहत नाहीत. बटण दाबलं की गरम पाणी सुरू होणार होतं. एवढंच.

"सर, बटण दाबल्यावर पाणी गरम होईल," इना म्हणाली. "पुढचं कालवंच जाणोत."

"इना, तुझ्यात श्रद्धा कमी आहे."

"श्रद्धा भरपूर आहे, सर. कालवांवर नाही."

आता गंमत अशी, की त्याच शनिवारी दुपारी गावाची वार्षिक कालव-पंगत होती. पंगतीची मुख्य ओडिल, आणि कालवं आणायची जबाबदारी तिच्या भावाची, फिडेलची. कालव ताटात येईपर्यंत जिवंत असलं पाहिजे, हा आमच्याकडचा धर्म आहे. त्यामुळे पंगतीची सगळी कालवं पिंजऱ्यांत भरून धक्क्याखाली पाण्यात टांगून ठेवतात.

शनिवारी सकाळी लिओन्स नवा टाय लावून धक्क्यावर आला आणि बघतो तर काय!

"फिडेल! हे शेवाळलेले पिंजरे इथं कशाला?"

"दाजी, दुपारचं जेवण आहे ते."

"मंत्री येताहेत! हलव आधी!"

"कुठं हलवू? डोक्यावर घेऊन उभा राहू?"

"मागच्या टाकीत टाक. पण माझ्या डोळ्यांसमोरून ने बाबा!"

केंद्रातलं वापरलेलं पाणी समुद्रात जायच्या आधी ज्या उथळ टाकीत पडतं, तीच ही मागची टाकी. तिथवर नळ लिओन्सनंच टाकून घेतला होता. पण त्या वेळी त्याचं सगळं लक्ष टायच्या गाठीत. इना फाटकाला फिती बांधत होती, तिच्या कानावर यातलं काही आलं नाही. फिडेलनं पिंजरे उचलले, सकाळभर उन्हानं कोमट झालेल्या पाण्यात सोडले आणि काठावर तंबाखूचा पाईप ओढत बसला.

मंत्री आले. आधी त्यांचं पोट, मग बाकीचे ते. बरोबर एक फोटोवाला. लिओन्सनं वाणाची कहाणी सांगायला घेतली, पण मंत्र्यांचा डोळा हिरव्या बटणावर. त्यांनी ते दाबलं. टाळ्या झाल्या. पाणी खळखळलं, काच धुरकटली.

कालवं ढिम्म!

मंत्र्यांनी काचेला नाक लावलं. "झोपलीत का?"

"विचार करताहेत, साहेब."

मंत्र्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. मग लहान मूल दारावरची घंटी वाजवतं तसं दाबतच राहिले.

"बटण चालू आहे ना?"

"बटण चालू आहे," इना म्हणाली. "कालवं बंद आहेत."

लिओन्सच्या कानांमागून घाम निथळू लागला. त्यानं शेवटचा उपाय काढला. टाकीतलं एक कालव उचलून सुरीनं फोडलं. नशिबानं नर निघाला. त्याचं दूध त्यानं पाण्यात कालवलं. हा वास लागला की भलीभली कालवं विरघळतात. आठवडेच्या आठवडे उत्तम शेवाळ खाऊन सुस्तावलेली ही मंडळी मात्र जागची हलली नाहीत. गरम पाणी आणि त्यातलं ते दूध टाकीच्या काठावरून ओसंडलं आणि नळावाटे मागं निघून गेलं.

मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. "डॉक्टर, कितीही बटणं दाबली तरी जागचे न हलणारे माझ्या खात्यातही आहेत. त्यांना बघायला इतक्या लांब यायची गरज नव्हती."

लिओन्सला शहरातली ती खिडकी दिसू लागली. तिच्यातून दिसणारा समुद्र. आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर न बसलेली ओडिल.

तेवढ्यात मागून बोंब आली.

"दाजीऽऽ! दूध! सगळ्याचं दूध झालं!"

सगळे मागं धावले. टाकी पांढरीशुभ्र! पिंजऱ्यापिंजऱ्यातून पांढरे लोट उठत होते. पंगतीची शेकडो कालवं एकाच वेळी उन्हाळा साजरा करत होती. फोटोवाला तर वेडाच झाला.

लिओन्सचं तोंड डोक्याच्या आधी धावलं. "हेच ते, साहेब! आतलं नुसतं प्रास्ताविक होतं!"

"हे मी केलं?"

"तुम्हीच, साहेब! तुमच्या बोटानं!"

मंत्र्यांनी स्वतःच्या बोटाकडे आदरानं पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असलं केंद्र बंद करायचं म्हणणारा मूर्ख आहे!" म्हणणारे तेच होते, पण ती आठवण करून द्यायला कुणी पुढं आलं नाही. "जेवण झालं की हुकमावर सही करतो. खरं सांगू, सकाळपासून उपाशी आहे. फक्त तुमच्या कालवांसाठी!"

फिडेलनं लिओन्सची बाही ओढली. "दाजी, ती जेवणाचीच कालवं होती हो."

बीज सोडलेलं कालव म्हणजे पिळून टाकलेलं लिंबू. ना अंग, ना चव. लिओन्सचा आनंद जागच्या जागी थिजला.

पंगतीच्या हॉलच्या स्वयंपाकघरात ओडिलनं एक कालव फोडलं, आतलं पाणचट प्रकरण बघितलं आणि सुरीच्या टोकावर धरून नवऱ्याच्या नाकाशी नेलं.

"हे काय आहे?"

"वैज्ञानिक यश," लिओन्स पुटपुटला.

"हे यश मी सगळ्या गावाला वाढू?"

"बटाटे आहेत ना?"

"गावाचं मी बघते. बटाटे आहेत, डुकराचं मांस आहे, वर शिव्या खाईन. पण मंत्र्यांचं काय? तो माणूस कालवांसाठी आलाय. उपाशी उठला तर सही करेल?" ती एकदम थांबली. "त्या काचेच्या टाकीतल्यांनी बीज सोडलं का?"

"नाही ना! तेच तर..."

"म्हणजे गुबगुबीत आहेत."

"ओडिल!" लिओन्स किंचाळलाच. "बारा वर्षांची तपश्चर्या आहे ती! तोच सगळा वाण आहे! दुसरं काहीच नाही माझ्याकडे!"

"माहीत आहे रे," ओडिल म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खाली आला. "बारा वर्षं त्यांच्याच गोष्टी ऐकत जेवलेय मी. पण सही नाही तर केंद्र नाही. तू ठरव."

लिओन्स गेला. एकेक कालव ओळखीचं होतं त्याच्या. त्यानं स्वतःच्या हातांनी ती ताटात घेतली आणि त्याला चक्क रडू आलं.

"सर," इना दारात उभी होती. "केंद्र वाचवायला आपण संशोधन वाढतोय का?"

"लिंबू घे येताना," लिओन्स म्हणाला.

मंत्री जेवले. जेवले कसले, तुटून पडले! गाव शेजारी बसून बटाटे चघळत त्यांच्या हनुवटीवरून ओघळणारा रस बघत होतं. प्रत्येक शिंपल्यागणिक लिओन्स बोटांवर एकेक वर्ष मोजत होता. शेवटचा शिंपला ओठांना लावून मंत्र्यांनी डोळे मिटले.

"वा! याला म्हणतात संशोधन!" आणि केली सही. "दर वर्षी येणार मी. अगदी अशीच तयार ठेवा!"

मंत्र्यांची गाडी निघाली. लिओन्स स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. केंद्र राहिलं होतं, टाकी राहिली होती, बटणसुद्धा राहिलं होतं.

"लिओन्स," ओडिल मोरीपाशी वाकून म्हणाली, "इकडे ये जरा."

आमच्याकडे बटाटे समुद्राच्याच पाण्यात उकडतात. निवत ठेवलेल्या त्या पाण्याच्या पातेल्यात मंत्र्यांच्या ताटातलं एक कालव घसरून पडलं होतं. पाणी आता छान कोमट झालेलं. कालव किंचित उघडलं. त्यातून पांढरा धागा निघाला, लांबला, आणि पातेलंभर पसरला.

लिओन्स गुडघ्यांवर बसला. "ऐकलं! इना, बघ! माझं ऐकलं यानं!"

फिडेल, इना, भांडी घासणाऱ्या बायका, सगळे पातेल्याभोवती जमले. लिओन्सच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पण हे वेगळं होतं.

"नर आहे," इना हळूच म्हणाली.

"मग मादी लागेल," ओडिल म्हणाली. "आहे कुठं ती?"

लिओन्सनं मान वर केली. खिडकीतून दिसत होतं, मंत्र्यांची गाडी चर्चच्या वळणावरून दिसेनाशी होत होती.

"राजधानीला निघालीय," तो म्हणाला.