नानांच्या पोटातला कूलर

कुंदनला कुणी सांगितलं होतं हळदीत प्रयोग करायला? शिंदखेड्यातला त्याचा स्टुडिओ पासपोर्ट फोटोंवर चांगला रडतखडत चालला होता. पण मोबाईलवर कुणाचे तरी नाचाचे फोटो पाहिले आणि हा पेटला. शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं, सुरुवातीलाच फ्लॅश मारायचा. माणूस स्पष्ट येतो आणि दिव्यांच्या रेघा वाहतात. मोनालीच्या हळदीत रेघा झकास वाहिल्या. फक्त फ्लॅश उडाल्याबरोबर तिचे आजोबा, वनानाना, फ्रेममधून चालते झाले आणि फोटोत ते काचेसारखे उमटले. त्यांच्या पोटातून मागचा कूलर पंख्यासकट दिसत होता.

अल्बम घरी पोचला त्या दिवसापासून नानांनी खाट धरली.

"मना पोटमाईन कूलर दखास," ते म्हणाले. "आते मी अर्धा गयेल शे."

पाच दिवस नाना नुसत्या पाण्यावर होते. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण या वयात असं उपाशी राहिले तर खरोखरच काहीतरी होईल, हे त्यांनी बजावून ठेवलं. नातेवाईक येऊन पायाशी बसत, फोटो बघत आणि उसासे टाकत चहा पीत. पुष्पाबाई तर पन्नास वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याशी हळू आवाजात बोलू लागल्या, त्यामुळे नानांची उरलीसुरली आशाही संपली.

शेवटी त्यांच्या मुलाचा, भूपेंद्रचा, फोन आला. "कुंदन, हे तू करून ठेवलंस, तूच निस्तर. नानांना काही झालं तर तुला सोडणार नाही."

कुंदनची झोप उडाली. माणूस मारल्याचं पाप, तेही कॅमेऱ्यानं. ट्रायपॉड घेऊन तो गेला आणि आधी त्यानं शटर समजावलं. मरणाऱ्या माणसाच्या सहनशीलतेनं नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाना, करूनच दाखवतो," कुंदन म्हणाला. त्यानं खिडकी लावली, कॅमेरा टायमरवर ठेवला, खाटेशेजारी उभा राहिला आणि फ्लॅश उडाला तसा बाजूला झाला.

नानांनी कॅमेरा डोळ्यांशी धरला. खाटेवर ते स्वतः होते, ठसठशीत, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असे. शेजारी कुंदन होता आणि त्याच्या छातीतून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

"बघितलं? नुसतं हललं की असं होतं."

नानांनी कॅमेरा उशाशी ठेवला. मग उठून बसले. "भाकर टाक," ते पुष्पाबाईंना म्हणाले. "येले बी वाढ." आणि त्यांनी कुंदनच्या पाठीवर हात ठेवला. "तुना घरमा कोन शे भाऊ?"

"आई आहे."

"आखो कोनी?"

"नाही. नाना, हे शटरमुळे..."

"हा, हा. माले बी बठ्ठा लोक असंच सांगेत," नाना मायेनं म्हणाले. "तू जेव."

पुष्पाबाईंनी कुंदनच्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, अजून काही खावंसं वाटतं का. नातेवाईक उठून कुंदनच्या पायाशी येऊन बसले. धमकी देणाऱ्या भूपेंद्रनं कॅमेऱ्याची बॅग स्वतः गाडीपर्यंत आणून दिली.

घरी आल्यावर कुंदनला खरं तर हसू यायला हवं होतं. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. शटर दोन सेकंद, फ्लॅश सुरुवातीला. चूक कुठेच नव्हती. कॅलेंडरवरची अमावस्या बरोबर त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुळ्याला ई.सी.जी. काढायला गेला. छातीला वायरी लावताना सिस्टर म्हणाल्या, "हलू नका हं, नाहीतर नीट येणार नाही."

कुंदन श्वासही घेईना.