देवळात डबल बेल

साळवे कंडक्टर देवाशी बोलतात ते तिकीट-पंच वाजवत. एसटीत मशिनं आली, कागदी तिकिटं गेली, साळवे निवृत्त झाले, पण तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी पंच काही त्यांच्या हातून सुटला नाही. सकाळी मी दाढीला बसलो की भिंतीपलीकडून टिकटिक सुरू होते आणि पाठोपाठ खणखणीत आवाज येतो:

‘फुडं सरका, फुडं सरका, जागा लई हाय,
येशूच्या गाडीत कुनी उभं ऱ्हात न्हाय!
सुट्टे न्हाईत? चढ गड्या, भितोस कशापायी,
तुजं तिकीट त्यानं काढलं, म्होरं चिंता न्हाई!’

याला ते रॅप म्हणतात. मी भोरच्या तहसील कचेरीत जन्म काढलेला माणूस. आलेल्याला आवाज न करता परत पाठवणं हे आमचं कसब. असल्या माणसाच्या शेजारी देवानं साळवे आणून ठेवले, त्यात त्याचा काही हेतू असेलही, पण गालावर वस्तरा असताना तो लक्षात येत नाही.

हे वेड लागलं पानशेतच्या गाडीत. साळवे मेहुण्याकडे निघाले होते. मागच्या सीटवर कॉलेजची पोरं मोबाईलवर रॅप लावून बसलेली. दुसरा कुणी म्हातारा वैतागला असता. साळवे खुशीत घरी आले.

“भाऊसायेब, ह्यात नवीन काय हाय? ठोक्यावर भराभरा बोलायचं, दम सोडायचा न्हाई. हिर्डोशीच्या गाडीत म्या जलमभर दुसरं काय केलं?”

त्यांच्या लेखी जगात मतं दोनच. पसंत असेल तर ‘डबल बेल’, म्हणजे गाडी सोडा. नापसंत असेल तर ‘सिंगल बेल’, म्हणजे जागेवर थांबा. आमच्या घरच्या नाचणीच्या भाकरीला डबल बेल मिळते. माझ्या राजकीय मतांना आजवर सिंगलच.

भोरात त्यांची ख्रिस्ती मंडळी थोडकी. चर्चला ती देऊळच म्हणतात. तिथली गीतं वर्षानुवर्षं साळव्यांच्या बायकोनं, एस्तरकाकूंनी बसवली. त्यांचा आवाज असा की रस्त्यावरची माणसं थबकायची. मग अर्धांगाचा झटका आला आणि काकूंची वाचाच गेली. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायची वेळ आली.

आणि इकडे नवऱ्याला रॅपचं खूळ! रविवारच्या उपासनेत मला रॅप म्हणू द्या, असा त्यांनी देवळाच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या, मागे धोशा लावला.

“साळवे, आपल्याकडे गीतं पेटीवर म्हणायची रीत आहे,” पाळकसाहेब म्हणाले.

“सायेब, पेटी तरी बायबलात कुठं हाय?”

पाळकसाहेब म्हणाले, विचार करू. ‘विचार करू’ म्हणजे काय, ते मला विचारा. पुढच्या रविवारी साळवे परत हजर. त्याच्या पुढच्याही. म्हातारपणी टाळ्यांची हौस, दुसरं काय, असं मी बायकोला सांगून टाकलं.

एकदा मात्र टिकटिक थांबेचना. मी अर्धी दाढी तशीच ठेवून तक्रार करायला गेलो. दार उघडंच होतं. साळवे काकूंच्या खुर्चीसमोर बसून पंच वाजवत होते. “जागा लई...” म्हणून ते थांबले.

“हाय!” काकू म्हणाल्या.

“उभं ऱ्हात...”

“न्हाय!”

शब्द वाकडा होता, पण ठणठणीत होता. मी दारातच उभा राहिलो.

“साधं बोलाय गेली की अडाकती,” साळवे म्हणाले. “ठोक्यावर सुटतंय. देवळातली गीतं संथ, तितं सबुद फुटंना तिचा. दर आइतवारी नुसती व्हट हलवती आन् घरी यिऊन रडती.”

“अहो, मग सांगा की हे पाळकसाहेबांना!”

“सिंगल बेल!” साळवे कडाडले. “कीव करून दिल्याली जागा तिला खपायची न्हाई. गानारी म्हनून जायचंय तिला. आजारी म्हनून न्हाई.”

काकूंनी मान डोलावली. मी तसाच घरी आलो, उरलेली दाढी केली आणि पाळकसाहेबांना गाठलं. कारण काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, एकदा होऊन जाऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं काम करा म्हणून शब्द टाकला. पाळकसाहेबही चकित झाले असावेत, कारण हो म्हणाले.

त्या रविवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. साळवे समोर गेलेच नाहीत. काकूंच्या बाकाशी उभे राहिले आणि पंच वाजवायला लागले. पहिल्या ओळीला लोकांनी एकमेकांकडे बघितलं. ‘जागा लई’ला साळवे थांबले, आणि काकूंचा आवाज देवळात घुमला. पेटीवाले उठून उभे राहिले. दुसऱ्या ओळीचं ‘न्हाय’ बायका काकूंच्या जोडीनं म्हणू लागल्या, चौथीचं ‘न्हाई’ अख्खं देऊळ. शेवटचं ‘आमेन’ साळव्यांनी काकूंसाठी सोडलं होतं. त्या एकट्याच म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. “साळवे, पुन्हा एकदा होऊ द्या.”

साळव्यांनी तोंड उघडलं, पण शब्द निघेना. जन्मभर गाडीभर माणसांवर ओरडलेला तो माणूस पंच हातात धरून नुसता उभा होता.

तेव्हा काकूंनी चांगला हात उचलला आणि समोरच्या बाकावर दोनदा ठोकला. टण्, टण्.