हलकं मडकं

आजपासून बायकोला काहीही विचारायचं नाही, असं मी ठरवलं. जे विचारायचं ते आपल्याच आत विचारायचं.

(हा निर्णयही तिला न विचारता घेतला होता. तिथेच चुकलं.)

झालं असं, की मोबाईलवर एका स्वामींचं प्रवचन ऐकलं. "चहा, झाडू, भांडी, सगळं तुमच्याशी बोलतंय. तुम्हीच ऐकत नाही!" मी धाटावच्या एका कंपनीत क्लार्क. एवढी वर्षं साहेबांचं ऐकलं, आता झाडूचंही ऐकून बघू म्हटलं. आणि काय सांगू, लगेच प्रचीती! कामावर जाताना अष्टमी गावच्या पुलावर स्कूटर बंद पडली. एरवी लाथ घातली असती. पण त्या दिवशी मला स्पष्ट ऐकू आलं, "काळुराम, थांब. धावतोस कुठे?" मी कठड्याला टेकून खाली कुंडलिका नदीकडे बघत राहिलो. डोळे भरून आले. (पेट्रोल संपलं होतं हे नंतर कळलं. तोवर हाफ डे लागला होता.)

खरी परीक्षा रविवारी होती. आमच्या पोरीचं, दिशाचं आदेशशी जमलं होतं, फक्त आदेशच्या वडिलांचा, बाबाजींचा, होकार बाकी होता. बाबाजी पेणकडचे, आयुष्य मिठागरात गेलेलं, बोलणं मोजकं. "घर बगतो, मंग सांगतो," एवढंच म्हणाले होते. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या, म्हणून पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायचा बेत ठरला. पोपटी लावणं हे पुरुषाचं काम, असं मी जाहीर करून टाकलं.

बायकोनं, चंद्रावतीनं, एका मडक्यात शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, मीठ भरून तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबला. उरलेला पाला सुकू नये म्हणून दुसऱ्या मडक्यात ठेवला आणि ती शेजारच्या सरूकडे केळीची पानं आणायला गेली. तेवढ्यात बाबाजी आले.

पडवीत दोन मडकी, दोन्हीच्या तोंडाला पाला. कुठलं घ्यायचं? बायको हाकेच्या अंतरावर होती. पण नाही! मी डोळे मिटले, आत विचारलं. उत्तर आलं, डावं. उचललं तर फुलासारखं हलकं! अंगावर काटा आला. म्हटलं, अहंकार गेला की ओझं वाटतच नाही!

अंगणात मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा-गोवऱ्या रचल्या आणि पेटवलं.

"बाबाजी," मी सुरू झालो, "माणूस म्हणजे हे मडकंच. वरून पाणी घालायचं नाय. आत जे हाय, त्यावरच शिजायचं!"

"व्हय," बाबाजी म्हणाले.

"आत काय हाय, ते महत्त्वाचं!"

"व्हय. पन वास नाय येत अजून."

"वास काय, बाहेरच्या जगासाठी असतो!"

एवढ्यात चंद्रावती दारात दिसली. डोळे मोठे करून दोन्ही हात हलवत होती. हिलाही जाणवलं तर! मी गहिवरलो आणि हात वर करून आशीर्वाद दिला. तिनं कपाळावर हात मारला आणि मागच्या दाराकडे पळाली.

दिशा कानाशी आली. "बाबा, आई म्हणते..."

"आईला सांग, सगळं नीट चाललंय."

जाळ विझला. मडकं घमेल्यात ओतलं. पाला निघाला. मग आणखी पाला निघाला. तळाशी करपलेला पाला होता. बाबाजींनी काठीनं ढवळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"शेंगा?"

"त्या... आत..."

"आत म्हंजे कुठं?"

 पोरीचं लग्न आपण गोवऱ्यांवर भाजलं! दिशाकडे बघायची हिंमत होईना.

आणि परसाकडून वास आला. काय वास! चंद्रावती आणि सरू दुसरं मडकं गोणपाटात धरून आणत होत्या. मी अंगणात प्रवचन देत होतो तेव्हा या दोघींनी मागे दुसरी पोपटी लावली होती.

"पावणे, बसा," चंद्रावती घाम पुसत म्हणाली. "आमच्याकडं पयलं मडकं नुसतं जमीन तापवायला लावतात."

बाबाजींनी आयुष्यभर पोपट्या खाल्लेल्या. त्यांनी करपलेला पाला काठीनं हळूच बाजूला सारला. तीनदा वाढून घेतलं, हात धुतले आणि गंभीर झाले.

"काळुरामभाऊ, एकच इचारायचं हाय. पोरगी कुनावर गेलीय? आईवर का बापावर?"

या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

"आईवर!" मी ओरडलो. "सगळी आईवर! माझं तिच्यात कायपण नाय!"

"मंग जमलं," बाबाजी म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.