खारीच्या वाट्याला आलेलं वाक्य

एका जंगलात एक नाट्यगृह होतं. जंगल म्हटलं की आधी वाघ यायला हवा, हे मला ठाऊक आहे, बाळांनो. पण वाघाला पहिल्या रांगेचे पास जायचे आणि तो कधीच यायचा नाही. म्हणून तो आपल्या गोष्टीतही येणार नाही. त्याच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या राहतील.

त्या जंगलात जिकडेतिकडे मोबाईल झाले होते. जनावरांकडे मोबाईल कसे, असं विचारू नका. तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही विचारलं होतंत का? मग गप्प बसा आणि ऐका.

त्या नाट्यगृहात काटदरे नावाचे एक साळिंदर नाटकं बसवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर रागावले की अंगावरचे काटे उभे राहत, आणि ते सहसा उभेच असत. त्यांच्या नव्या नाटकाचं नाव होतं ‘वारुळाची शपथ’. गोष्ट सोपी होती. एका घरातला मुलगा भांडून निघून जातो. बाप वारुळावर हात ठेवून शपथ घेतो, की याला पुन्हा दार उघडणार नाही. आई आत बसून वाट बघते. दोन अंक ती नुसती वाट बघते. तिसऱ्या अंकाच्या शेवटी धाकटी बहीण धावत येते आणि म्हणते, “आई, दार उघड. दादा परत आलाय.” आई दार उघडते आणि पडदा पडतो.

या धाकट्या बहिणीचं काम बकुळा नावाच्या खारीला मिळालं होतं.

बकुळा आजवर रंगमंच झाडायची. शेपटी होती, त्यामुळे वेगळा झाडू लागत नसे. तिला एकच वाक्य होतं. पण खारीचा वाटा लहानच असायचा, हे तिला घरूनच शिकवलेलं होतं. ती ते वाक्य रडून म्हणे, हसून म्हणे, धापा टाकत म्हणे. एकदा तर पलीकडच्या ढोलीतलं झोपलेलं उदमांजर उठलं आणि त्याने खरंच दार उघडलं. त्या दिवशी बकुळेला रात्रभर आनंदाने झोप आली नाही.

पहिला प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह भरलं. दुसरी घंटा झाली. पोपटाने आतून शुद्ध आवाजात सूचना केली.

“रसिकहो, कृपया आपापले भ्रमणध्वनी बंद ठेवावेत.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. चौथ्या रांगेत केसकरकाका नावाचे अस्वल बसले होते. त्यांनी शेजारच्या गव्याला विचारलं, “रानडे, हे भ्रमणध्वनी काय असतं हो?”

रानड्यांचं शाळेत संस्कृत होतं. ते म्हणाले, “सोपं आहे. भ्रमण म्हणजे फिरणं. ध्वनी म्हणजे आवाज. फिरताना होणारा पायांचा आवाज बंद ठेवा, असं म्हणतायत.”

“योग्यच आहे,” केसकरकाका म्हणाले. “लोक फार पाय आपटतात.”

हा अर्थ रांगारांगांतून पसरला. सगळ्यांनी पाय वर घेतले. उशिरा आलेलं हरणांचं कुटुंब चवड्यांवर चालत आलं. सशाला मध्येच बाहेर जायचं होतं, तर त्याला शेजाऱ्यांनी उचलून दारापर्यंत पोचवलं. इतका शिस्तीचा प्रेक्षक मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. दोन अंकांत एकाही पायाचा आवाज झाला नाही. मोबाईल मात्र एकूण एक चालू होते.

तिसरा अंक संपत आला. आई दाराशी बसली. बाप पाठ फिरवून उभा राहिला. रंगमंचावर शांतता पसरली. बकुळा धावत आली, तिने तोंड उघडलं, आणि केसकरकाकांचा फोन वाजला.

केसकरकाका सभ्य गृहस्थ. त्यांनी लगेच उचलला.

“हॅलो! मी नाटकात आहे! … नाटकात! … अगं, काम नाही करत, बघतोय! … मधाचं पोळं? ते जांभळाच्या मागे, मोठ्या दगडाखाली. … हो, झाकून ठेवलंय. … आता ठेव, मी फोन उचलू शकत नाही!”

त्या गडबडीत बकुळेने वाक्य म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. आईने दार उघडलं आणि पडदा पडला.

“दार का उघडलं तिने?” एका तरसाने विचारलं.

“उकडत असेल,” दुसरं म्हणालं.

केसकरकाका घरी गेले तर दगडाखाली पोळं नव्हतं. बाळांनो, वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. पत्ता सगळ्यांनी ऐकला होता.

दुसऱ्या प्रयोगाला मास्तर स्वतः पडद्यापुढे आले. काटे उभे होते. “मोबाईल,” ते म्हणाले. “मो-बा-ई-ल. बंद करा. वाजला तर बाहेर काढीन.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे रागाने पाहिलं. हे आपल्या शेजाऱ्याला कोणीतरी सांगायलाच हवं होतं, असं प्रत्येकाला वाटलं. सगळ्यांत जास्त मान रानड्यांनी डोलावली. मग त्यांनी आपला फोन व्हायब्रेटवर ठेवला आणि त्यावर बसले.

पुन्हा तिसरा अंक आला. पुन्हा शांतता झाली. बकुळा धावत आली. इतक्यात चौथी रांग थरथरायला लागली. हरणांना भूकंप वाटला. ती पळत सुटणार, तेवढ्यात रानड्यांनी बुडाखालून फोन काढला आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. गव्याचा हळू आवाज तुम्ही ऐकला आहे का? नसेल तर टेकडीपलीकडे उभं राहून ऐका, तिथे तो बरा वाटतो.

“मी हळू बोलतोय! … हळू! … अगं, हळू बोलतोय म्हणूनच तुला ऐकू येत नाहीये! … काय? मुलाकडच्यांचा निरोप आला?”

सगळं नाट्यगृह गप्प झालं. रानड्यांच्या थोरलीचं जमत नव्हतं, हे जंगलात सगळ्यांना माहीत होतं. तीन रांगांतले कान वळले. रंगमंचावर बापाचं काम करणारा मोर पाठ फिरवून उभा होता, तो हळूच निम्मा वळला. आईचं काम करणारी नीलगाय दाराच्या फटीतून बघू लागली.

“आई, दार उघड,” बकुळा म्हणाली.

“शूः!” मागून कोणीतरी तिच्यावर ओरडलं. “ऐकू द्या जरा!”

“होकार आहे!” रानडे उभे राहून म्हणाले. “होकार आला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी शिट्टी मारली. नीलगायीने आनंदाच्या भरात दार उघडलं, आणि पडदेवाल्या माकडाला वाटलं, आता पाडायला हरकत नाही. मास्तर रंगपटात होते. त्यांनी टाळ्या ऐकल्या आणि त्यांचे काटे आयुष्यात पहिल्यांदा आडवे झाले.

नंतर कोणीतरी त्यांना खरं काय ते सांगितलं. काटे पुन्हा उभे राहिले.

मास्तरांनी बकुळेला बोलावलं. रानड्यांना बोलावलं नाही. रानडे वर्गणीदार होते.

“बकुळे,” मास्तर म्हणाले, “तुझं वाक्य पोचत नाही.”

“मास्तर, फोन वाजतात.”

“फोन वाजणारच. प्रेक्षकांना कोणी काही बोलू शकतं का? तुला तर बोलू शकतो. पुढच्या प्रयोगात वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं नाही, तर मी ते काढून टाकणार. आई आपण होऊन दार उघडेल. तू पुन्हा झाडायला लाग.”

बकुळा बाहेर येऊन फांदीवर बसली. तिला खूप वाईट वाटलं. नाट्यगृह झाडायचा तिला कंटाळा नव्हता. पण ती घरातली धाकटी बहीण दार वाजवायला येणारच नाही, आणि दादा आलाय हे आईला कोणी सांगणारच नाही, हे तिला सहन होईना. दोन अंक वाट बघणाऱ्या बाईला असं ताटकळत ठेवायचं नसतं.

खाली केसकरकाका आणि दोन तरसं बोलत उभी होती.

“रानड्यांचे व्याही कोणत्या डोंगराकडचे?” एक तरस विचारत होतं.

“अहो, फोनवर म्हणाले ना! नदीपल्याडचे. मी शब्द न् शब्द ऐकलाय,” केसकरकाका म्हणाले.

“आणि नाटकाचा शेवट काय झाला?”

“नाटक?” केसकरकाका विचारात पडले. “शेवटी होकार येतो.”

बकुळेने रडणं थांबवलं आणि ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या प्रयोगाला मास्तरांनी दारावर पाटी लावली. ‘फोनवर बोलणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल. हुकमावरून.’ खाली दोन रानडुकरं उभी केली. प्रेक्षक पाटी वाचून आत गेले. काहींनी ती घरच्यांना फोनवर वाचून दाखवली.

तिसरा अंक संपत आला. आई दाराशी बसली होती. बापाची पाठ होती. शांतता झाली. विंगेतून बकुळा यायची वेळ झाली आणि बकुळा आली नाही.

मास्तर विंगेत घामाघूम झाले. मोराला काय करावं सुचेना, म्हणून त्याने पुन्हा एकदा शपथ घेतली. प्रेक्षक जांभया देऊ लागले. कोणी पिशवीतली शेंग फोडली.

तेवढ्यात प्रेक्षकांच्या मधोमध फोन वाजला. चिर्र, चिर्र, चिर्र.

सहाव्या रांगेत बकुळा बसली होती. खारीला मुळात फोनसारखंच ओरडता येतं, त्यात विशेष काही नाही. तिने शेजाऱ्याचं शेंगेचं टरफल उचललं आणि कानाला लावलं.

“हॅलो,” ती म्हणाली. “हो, नाटकातच आहे.”

सगळे कान टवकारले गेले. जांभया अर्ध्यावर थांबल्या.

“काय सांगतेस?” बकुळा म्हणाली. “कोण आलंय? … अगदी दारात?”

“कोण आलंय?” हरणीने नवऱ्याला विचारलं. “शूः!” नवरा म्हणाला.

बकुळेने आवाज एकदम खाली आणला. नाट्यगृह पुढे झुकलं. केसकरकाकांचा फोन वाजला, तो त्यांनी न बघताच बंद केला. असं ते आयुष्यात पहिल्यांदा करत होते. रानडे तर श्वास रोखून बसले होते, आणि त्या एका श्वासाने केवढी शांतता झाली, काय सांगू.

मग बकुळेने हलकेच म्हटलं, “आई, दार उघड. दादा परत आलाय.”

ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. बाहेरच्या रानडुकरांपर्यंत गेलं. नीलगाय उठली. आजवर ती नुसती ठरल्याप्रमाणे उठायची. आज तिने घाईत कडी दोनदा चाचपली. तिने दार उघडलं. दाराबाहेर मुलाचं काम करणारा कोल्हा उभा होता. दोन्ही प्रयोगांत त्याच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आज त्याला पाहून केसकरकाका मोठ्याने रडले. तरसं रडली. आणि रानड्यांना आपली थोरली आता घरातून जाणार, हे त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. ते रुमाल शोधू लागले.

पडदा पडला. टाळ्या काही केल्या थांबेनात.

टाळ्या थांबल्यावर केसकरकाका डोळे पुसत मागे वळले. त्यांना बकुळा दिसली. तिच्या कानाशी अजून टरफल होतं.

“अहो बाई!” ते कडाडले. “इतका सुंदर प्रसंग चाललाय आणि तुम्ही खुशाल फोनवर बोलताय? काही रीत आहे की नाही?”

“असल्या लोकांमुळेच नाटकं बघवत नाहीत,” रानडे म्हणाले.

“पाटी वाचता येत नाही का?” हरणी म्हणाली.

रानडुकरं आत आली. त्यांनी बकुळेला दोन्हीकडून धरलं आणि बाहेर काढलं. त्या नाट्यगृहात फोनवर बोलल्याबद्दल बाहेर काढली गेलेली ती पहिली आणि शेवटची. मास्तरांनी अडवलं नाही. नियम म्हणजे नियम, असं ते म्हणाले. आणि हा नियम किती उपयोगाचा आहे ते आज सिद्ध झालं, असंही म्हणाले.

दाराबाहेर बकुळेने शेपटी झटकली. आत आईच्या कामाबद्दल पुन्हा टाळ्या सुरू झाल्या होत्या. ती थोडा वेळ उभी राहून ऐकत राहिली. मग हातातलं टरफल तिने खाल्लं.

तात्पर्य : नाटक चालू असताना फोनवर बोलू नये. विशेषतः आपल्याकडे फोन नसेल तर.