अंगठ्याखालचा साहेब

आमच्या शेजारच्या वत्सलाताईंना लग्नाचा अल्बम दाखवायचा नाही, असा पडेगावातल्या आमच्या कॉलनीचा अलिखित नियम आहे. अल्बम हातात आला की त्या नवरानवरीवर सरळ अंगठा ठेवतात आणि उरलेला फोटो बघतात. मागं पाण्याचा जार घेऊन चाललेली बाई कोण, असं विचारतात. यजमानांना माहीत नसतं. लायटिंगची वायर ओढणारा हा कोण? तेही माहीत नसतं. मग ताई अल्बम मिटतात आणि चहा पिता पिता म्हणतात, "लग्नभर राबले तुमच्या घरी, अन् नाव विचारलं नाय." आमच्या मुलीचा अल्बम त्यांनी पाहिला, त्या दिवशी माझ्या बायकोनं मंडपवाल्याला फोन लावून त्याच्या माणसांची नावं विचारली. त्यालाही सगळी ठाऊक नव्हती.

ताई सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होत्या. सगळी नोकरी त्या एका खिडकीत गेली. कण्हत आलेल्या माणसालाही त्या "पूर्ण नाव सांगा" म्हणत. कोणी 'बाळूची आई' म्हणून सांगितलं की पेन खाली ठेवत. एकदा सिल्लोडकडच्या एका म्हातारीला स्वतःचं नावच आठवेना. जन्मभर कोणाची तरी सून, कोणाची तरी आजी म्हणून हाक ऐकलेली. मागची रांग कुरकुरायला लागली. ताई खिडकी सोडून बाहेर आल्या, तिच्याजवळ बाकावर बसल्या आणि माहेरी आई काय म्हणायची तिथपासून गप्पा काढल्या. शेवटी 'द्वारका' असं नाव निघालं. म्हातारी ते नाव पुटपुटतच डॉक्टरकडं गेली म्हणे. हे मला ताईंनी नाही, तिथल्या कंपाउंडरनं सांगितलं.

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, भजनाला जातात. ताईंनी इंग्रजांच्या आणि निजामाच्या काळातले फोटो धरले. कुठं पुस्तकात छापलेले दिसोत, कुठं भिंतीवर लागलेले असोत, ताई हजर. मध्ये खुर्चीवर साहेब, शेजारी मडम, पायाशी मारलेला वाघ. ताईंचा अंगठा थेट साहेबावर. "आता बघा, फोटो कसा मोकळा झाला," असं त्या म्हणायच्या आणि खरंच इतका वेळ न दिसलेली माणसं दिसायला लागायची. पंख्याची दोरी ओढणारा. मडमेचं पोर कडेवर घेतलेली आया. उन्हानं डोळे बारीक करून घोडा धरलेला कोणी.

मागच्या हिवाळ्यात शहरात इंग्रजांच्या छावणीच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. त्यातल्या एका फोटोत एक मेजर, दोन शिकारी कुत्री, आणि त्या कुत्र्यांचे पट्टे धरून उभा असलेला, पागोटं बांधलेला एक हडकुळा माणूस होता. खालच्या पाटीवर मेजरसाहेबांचं नाव आणि पुढं 'टायगर आणि डचेस यांच्यासह' एवढंच. ताईंनी पाटी पुन्हा पुन्हा वाचली. मग प्रदर्शन मांडणाऱ्या तरुणाला बोलावून टायगर कोणता ते विचारलं. त्यानं डावीकडचं कुत्रं दाखवलं. डचेस उजवीकडची.

"अन् मधला?" ताई म्हणाल्या.

तो तरुण भला माणूस होता. म्हणाला, मूळ अल्बममध्ये एवढंच लिहिलंय, नाव कळलं तर पाटी बदलू. वर फोटोची एक प्रतही दिली. ताईंशी असं कधी बोलू नये. त्या खरं धरतात.

त्यांनी गुलमंडीवरच्या स्टुडिओत तो फोटो मोठा करून घेतला. त्यात मेजरला कात्री लागली, माणूस आणि कुत्री राहिली. मग माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून त्या माणसाचं घर शोधायला निघाल्या. छावणीत चाकरीला कुठून कुठून लोक यायचे, ते त्यांनी म्हाताऱ्यांकडून आधीच काढून घेतलं होतं. आम्ही बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरायचो. लोकांना वाटायचं, घरातलं माणूस हरवलंय. एका हवालदारानं, केव्हापासून बेपत्ता आहे, असंही विचारलं. शंभरेक वर्षं झाली असतील, असं ताईंनी शांतपणे सांगितलं. त्यानं आम्हाला बसवलं, चहा पाजला आणि निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बाईंच्या घरी कोणी आहे का.

माणूस सापडला. पंचाईत अशी झाली की तीन ठिकाणी सापडला.

बिडकीनला बुद्धविहाराशेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी फोटो पाहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि आपले कान दाखवले. फोटोतल्यासारखेच, त्यांच्या आजोबांचे कान. सिल्लोडला कापसाचा व्यापार करणाऱ्या एका शेखभाईंच्या घरी, परदादा साहेबाची कुत्री सांभाळायचे, हा किस्सा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्यांच्या आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "येइच है." तिसरं घर तर आमच्या पडेगावातच निघालं. तिथले शेतकरी अण्णा म्हणाले, आमचा पणजोबा असाच एक खांदा पाडून उभा राहायचा म्हणून आजी सांगायची.

मी म्हटलं, ताई, आता खरं कोणाचं ते बघायला पाहिजे. ताईंनी ऐकून घेतलं आणि तीन चौकटी करायला टाकल्या.

प्रत्येक घरी त्या स्वतः फोटो घेऊन गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलं, की आणखी दोन घरं ह्याला आपला म्हणतात. मला भीती वाटत होती. एकदा आपलं झालेलं माणूस कोण वाटून घेईल? गुरुजींनी बाकीच्या दोघांचे पत्ते मागितले. शेखभाईंनी सगळ्यांना ईदच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. अण्णांना ते पटलं नाही. हे काय बरं नव्हं, असं बोलत राहिले, पण फोटो परत दिला नाही. ईदला मात्र सगळ्यांत आधी तेच जाऊन बसले होते.

प्रदर्शन पुढं दुसऱ्या हॉलमध्ये लागलं तेव्हा ताई तिन्ही नावं घेऊन त्या तरुणाकडं गेल्या. तो म्हणाला, एका माणसाला तीन नावं कशी लावू? "एकही नव्हतं तवा चाललं की," ताई म्हणाल्या. आज त्या पाटीवर मेजर आहे, टायगर आहे, डचेस आहे, आणि 'मधल्या माणसाला तीन घरं आपला मानतात' असं लिहून खाली तिन्ही नावं आहेत.

नंतर एका दुपारी मी ताईंचा डबा परत द्यायला गेलो. त्यांच्या घराच्या भिंती नेहमी कोऱ्या. ना देवाची तसबीर, ना आईबापांची. त्या दिवशी आतल्या खोलीत एक चौकट दिसली. तोच माणूस, तीच कुत्री.

मी विचारलं, हा चौथा कोणाचा?

ताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला वाढवलं ना, त्या बाईनं मला छावणीतल्या दवाखान्याच्या ओट्यावरून उचललं होतं. त्याच्या आधीचं कोणालाच ठावं नाय." दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. "त्या लोकांकडं कान होते, किस्से होते. मी काय दाखवणार? माझ्याकडं नुसती छावणी. म्हणून माझा म्हटला नाय. ठेवलाय फक्त."

मी फोटोकडं बघत राहिलो. इतके दिवस तो फोटो गावोगाव मिरवला, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दोन्ही कुत्री ऐटीत कॅमेऱ्याकडं बघत होती. माणूस बघत नव्हता. तो खाली बघत होता. डचेसच्या गळ्याला पट्टा काचत होता आणि त्यानं त्यात दोन बोटं सरकवून तो सैल धरला होता.

"ताई," मी म्हटलं, "जन्मात एकदा फोटो निघतोय, अन् हा कुत्रीला काचतंय का ते बघतोय. हे तुमच्यावर गेलंय."

ताईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं, पदरानं चष्मा पुसला, चौकट भिंतीवरून काढली आणि खिडकीच्या उजेडात नेली. मी डबा ओट्यावर ठेवून निघालो. फाटक लावताना वळून पाहिलं, तर त्या अजून खिडकीशीच उभ्या होत्या, चौकट दोन्ही हातांत धरून.